मुलींचा विषय : एका ‘आवडी’चा इतिहास

१/
दहावीचा निकाल लागला की आमच्या पोखर्णीत घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : “कोणती साईड घेतली?” मुलाच्या बाबतीत या प्रश्नानंतर चर्चा सुरू होते. मुलीच्या बाबतीत ती बहुधा एका वाक्यात आटोपते : “तिला आर्ट्‌सचीच आवड आहे.” ही आवड नेमकी कोठून येते, हा या धाग्याचा विषय. धागा दीर्घ आहे, सवडीने वाचावा.

२/
विद्यापीठांतील मुलामुलींच्या विषयनिवडीत फरक दिसतो, हे कोणी नाकारत नाही. वाद आहे तो कारणाचा. काहींच्या मते हा स्वभावाचा फरक आहे, काहींच्या मते संस्कारांचा. इतिहासाच्या विद्यार्थ्याला आणखी एक उत्तर शोधावे लागते. कोणता विषय ‘मुलींचा’ हे कोणी, केव्हा आणि कोणत्या अभ्यासक्रमात ठरवले? महाराष्ट्रापुरते तरी या प्रश्नाचे उत्तर कागदोपत्री सापडते. त्याची सुरुवात पुण्यातून होते आणि शेवट आमच्या परभणीत.

३/
१८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे पंडिता रमाबाईंनी साक्ष दिली. मुलींच्या शाळांसाठी स्त्री शिक्षिका आणि स्त्री निरीक्षक हव्यात, स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण मिळावे, असे त्यांचे म्हणणे होते. परपुरुष डॉक्टरपुढे न जाणाऱ्या स्त्रिया उपचारांवाचून मरत होत्या. त्या काळात ही मागणी जीवनमरणाची होती. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या. १८९४ मध्ये रखमाबाईंनी इंग्लंडमध्ये वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले.

४/
या मागणीचे एक वैशिष्ट्य ध्यानात घ्यावे. स्त्रीने शिकावे, कारण इतर स्त्रियांना तिची गरज आहे, हा त्यातील युक्तिवाद समाजाला पचण्याजोगा होता. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने हाच मार्ग रुंद केला. शिक्षिका आणि परिचारिका ही दोन कामे स्त्रीसाठी प्रतिष्ठेची झाली. पुढे याच रस्त्यावरून डी.एड., बी.एड. आणि नर्सिंगला जाणाऱ्या मुलींच्या पिढ्या गेल्या. १८८२ मध्ये जी क्रांतिकारक मागणी होती, ती शंभर वर्षांत रूढी झाली.

५/
मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. पदवी परीक्षा स्त्रियांना खुल्या झाल्या त्या १८८३ मध्ये. डेक्कन कॉलेजच्या कॉर्नेलिया सोराबजी या विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. परीक्षेतील यशामुळे इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळावयास हवी होती. स्त्री असल्यामुळे ती नाकारली गेली. पुढे हितचिंतकांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि कायदा शिकल्या. दार उघडले होते, पण आत शिरल्यावर पुढच्या दालनाला निराळे कुलूप होते.

६/
आता पुण्यात येऊ. सप्टेंबर १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर, वामन आबाजी मोडक प्रभृतींच्या प्रयत्नांनी मुलींची माध्यमिक शाळा निघाली. तीच आजची हुजूरपागा. शाळा असावी की नसावी यापेक्षाही मोठा वाद पेटला तो तेथे काय शिकवावे यावर. मुलांच्या शाळांप्रमाणे इंग्रजी, गणित आणि शास्त्रे मुलींना कशाला, असा आक्षेप ‘केसरी’ आणि ‘मराठा’तून घेतला गेला. मुलींना मातृभाषा, नीती, शिवण आणि गृहोपयोगी ज्ञान पुरे, अशी लोकमान्य टिळकांची भूमिका होती.

७/
येथे एक तपशील विसरू नये. टिळक हे गणिताचे अत्यंत व्यासंगी अध्यापक होते. गणिताने बुद्धीला काय वळण लागते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? १८९० मध्ये ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले आणि फर्ग्युसन कॉलेजात त्यांच्या रिकाम्या झालेल्या जागी १८९१ मध्ये गणित शिकवण्यास एक तरुण आला. त्याचे नाव धोंडो केशव कर्वे.

८/
कर्व्यांनी १८९१ ते १९१४ अशी तेवीस वर्षे तेथे गणित शिकवले. स्वतः विधवेशी विवाह केला, विधवांसाठी आश्रम उभारला. स्त्रीशिक्षणाचा त्यांच्याएवढा चिवट कैवारी महाराष्ट्रात दुसरा नाही. जपानमधील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या हाती आली आणि डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी तशा विद्यापीठाची कल्पना मांडली. १९१६ मध्ये ते पुण्यात सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनी पाच.

९/
या विद्यापीठाचा अभ्यासक्रम पाहण्यासारखा आहे. माध्यम मातृभाषा, इंग्रजी हा एक विषय. गृहव्यवस्था व आरोग्यशास्त्र आवश्यक. गणित आणि भौतिक शास्त्रे मात्र ऐच्छिक. पदव्यांची नावेही अस्सल देशी होती : पदवीधर ती ‘गृहीतागमा’, त्यापुढची ‘प्रदेयागमा’. गणिताच्या प्राध्यापकाने स्थापन केलेल्या विद्यापीठात गणितावाचून पदवी मिळू शकत होती.

१०/
कर्व्यांना आज प्रतिगामी ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. ज्या स्त्रियांना पुरुषांशी बरोबरी करावयाची आहे, त्यांच्यासाठी प्रचलित विद्यापीठे आहेतच. प्रश्न उरलेल्या हजारोंचा आहे, असा त्यांचा हिशेब होता. इंग्रजी आणि गणित हे मॅट्रिकचे दोन दगड बाजूला केले, तर कितीतरी मुली आत येतील. त्या आल्याही. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांच्या पंधरा लाखांच्या देणगीने संस्थेला बळ आले आणि १९५१ मध्ये श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली. पण दार रुंद करण्यासाठी जी सवलत दिली होती, तीच पुढे ‘मुलींना गणित झेपत नाही’ या समजुतीला आधार देऊ लागली.

११/
कर्व्यांच्या घरातच याचे दुसरे टोक दिसते. त्यांच्या सूनबाई इरावती फर्ग्युसनमध्ये तत्त्वज्ञान शिकल्या, मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र शिकल्या आणि बर्लिनहून मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आल्या. परत आल्यावर काही वर्षे त्यांनी सासऱ्यांच्या महिला विद्यापीठाचे कुलसचिवपद सांभाळले. म्हणजे ज्या संस्थेचा कारभार त्या पाहत होत्या, तिच्या अभ्यासक्रमातून त्या स्वतः घडलेल्या नव्हत्या.

१२/
याच काळातील आणखी एक नाव म्हणजे कमला भागवत, म्हणजेच कमला सोहोनी. मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. अव्वल क्रमांकाने उत्तीर्ण होऊन १९३३ मध्ये त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला. संस्थेचे संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कारण एकच, अर्जदार मुलगी होती. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही, आणि पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या.

१३/
कमलाबाईंचे वडील रसायनशास्त्रज्ञ होते आणि थोरली बहीण म्हणजे दुर्गा भागवत. एकाच घरात एका मुलीने जीवरसायन घेतले, दुसरीने लोकसाहित्य आणि मानवशास्त्र. घरात प्रयोगशाळेची भाषा ऐकू येत असेल आणि मुलीला नाही म्हणणारे कोणी नसेल, तर ‘मुलींची आवड’ अशी एकच एक वस्तू उरत नाही; दोन बहिणींच्या दोन आवडी होतात.

१४/
हे सर्व मुंबई-पुण्याचे झाले. त्या वेळी पोखर्णीची मुलगी कोठे होती? परभणी जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, त्याचे माध्यम उर्दू. स्त्रियांचे महाविद्यालय १९२४ मध्ये निघाले तेही हैदराबादेत. मराठी बोलणाऱ्या शेतकरी घरातील मुलीने परक्या भाषेत, इतक्या लांब, वसतिगृहात राहून शिकावे हे कल्पनेच्याही पलीकडचे होते. पुण्यात मुलींनी गणित शिकावे की नाही यावर वाद होत होता. आमच्याकडे वाद घालण्यासाठी शाळाच नव्हती.

१५/
सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान मुक्त झाले. १९५० मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज, १९५६ मध्ये परभणीला कृषी महाविद्यालय, १९५८ मध्ये औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ. अवघ्या दहा वर्षांत मराठवाड्याने एका शतकाची वाट तोडली. मे १९७२ मध्ये परभणीला स्वतंत्र कृषी विद्यापीठ आले. आणि १९७६ मध्ये त्याच विद्यापीठाच्या आवारात गृहविज्ञान महाविद्यालय सुरू झाले. या शेवटच्या घटनेपाशी मला थांबावयाचे आहे.

१६/
कृषी विद्यापीठात गृहविज्ञान कशासाठी? याचे मूळ अमेरिकेत आहे. एलेन स्वॅलो रिचर्ड्स या एमआयटीत प्रवेश मिळालेल्या पहिल्या स्त्री. १८७३ मध्ये रसायनशास्त्राच्या पदवीधर झाल्या. पाणी, अन्न आणि हवा यांच्या शुद्धतेवर त्यांनी मोलाचे काम केले. रसायनशास्त्राच्या विभागांत स्त्रियांना जागा मिळेना, तेव्हा १८९९ पासूनच्या परिषदांतून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गृहअर्थशास्त्र हे नवे शास्त्र उभे केले. अमेरिकेच्या कृषी विद्यापीठांत शेतकऱ्यांच्या मुलांना शेती आणि मुलींना गृहअर्थशास्त्र, अशी वाटणी रूढ झाली.

१७/
भारतात हा विषय दोन वाटांनी आला. पहिली वाट स्त्रियांच्या चळवळीची : जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यात, फर्ग्युसनच्या आवारात भरले आणि त्याच परिषदेच्या प्रयत्नांतून १९३२ मध्ये दिल्लीत गृहविज्ञानाचे लेडी आयर्विन कॉलेज निघाले. दुसरी वाट अमेरिकी नमुन्याच्या कृषी विद्यापीठांची : १९६० मध्ये पंतनगरला पहिले, नंतर राज्याराज्यांत. परभणीचे महाविद्यालय हे या दुसऱ्या वाटेवरचे.

१८/
आता हे चित्र पोखर्णीच्या शिवारात ठेवून पाहा. आमच्या काळ्या रानात कापूस वेचतात त्या बाया. खुरपणी बायांची. बी राखून ठेवणे, धान्य वाळवणे, निवडणे बायांचे. गुरांचे शेणपाणी बहुतांशी त्यांचेच. आणि विद्यापीठाच्या पातळीवर वाटणी काय झाली? शेतीचे शास्त्र मुलांकडे गेले आणि ‘गृह’ मुलींकडे आले. जी दिवसभर शेतात राबते, तिच्या लेकीसाठी ज्ञानाचे दालन मात्र स्वयंपाकघराच्या बाजूने उघडले.

१९/
पण ही गोष्ट येथे संपवली तर ती अर्धीच होईल. याच महाविद्यालयाच्या अभ्यासात आहारशास्त्र, बालविकास, वस्त्रशास्त्र आणि विस्तारशिक्षण होते. शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करणाऱ्या साधनांवर येथे संशोधन झाले. खुरपणाऱ्या बाईची पाठ का दुखते, कापूस वेचताना हात का सोलवटतात, हा प्रश्न ट्रॅक्टर आणि नांगर यांचा अभ्यास करणाऱ्यांना सुचला नव्हता. तो ‘मुलींच्या विषयात’ विचारला गेला. आजूबाजूच्या जिल्ह्यांतील कित्येक मुलींना घरून परभणीला जाण्याची परवानगी मिळाली, तीही विषयाच्या नावात ‘गृह’ होते म्हणूनच. तीच चौकट एकीला दार वाटली आणि दुसरीला भिंत.

२०/
अलीकडे त्या पदवीचे नाव बदलले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पाचव्या अधिष्ठाता समितीच्या शिफारशींनंतर गृहविज्ञानाचे ‘सामुदायिक विज्ञान’ झाले. कृषी पदवीच्या वर्गांतही आता मुली मोठ्या संख्येने दिसतात. विषय तेच, रान तेच, मुलीही त्याच घरांतील. ‘आवड’ खरोखर स्वभावात असती, तर ती अशी एका पिढीत बदलली नसती.

२१/
धोरणकर्त्यांना हे कळले नव्हते असेही नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी हंसा मेहता समितीने मुलामुलींच्या अभ्यासक्रमात भेद नसावा, असे स्पष्ट सांगितले. या हंसाबेन बडोदा विद्यापीठाच्या कुलगुरू असताना तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली होती. विषयाला त्यांचा विरोध नव्हता, सक्तीला होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) हीच दिशा धरली : गृहविज्ञान ऐच्छिक असावे, मुलींवर लादू नये, आणि मुलींना गणित व विज्ञानाकडे वळण्यास उत्तेजन द्यावे. पहिली दहा वर्षे गणित आणि विज्ञान सर्वांना आवश्यक असावे, हेही त्याच आयोगाचे.

२२/
१०+२+३ चा आकृतिबंध आला आणि दहावीपर्यंतची पुस्तके सर्वांची एक झाली. भेद मात्र नाहीसा झाला नाही, तो पुढे सरकला. पूर्वी तो अभ्यासक्रमात छापलेला असे. आता तो अकरावीच्या अर्जावर भरला जाऊ लागला. पूर्वी समिती ठरवत होती. आता घर ठरवते आणि त्याला मुलीची आवड म्हणते.

२३/
आजचे आकडे काय सांगतात? केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्चशिक्षण सर्वेक्षणानुसार देशात विज्ञान शाखेत ५७.२ लाख विद्यार्थी होते. त्यांत मुली २९.८ लाख आणि मुले २७.४ लाख. विज्ञानात मुली पुढे आहेत. मग अभियांत्रिकीत त्या दहांत जेमतेम तीन का? ज्या मुलींना भौतिकशास्त्र जमते, त्यांना यंत्रशास्त्र अचानक का जमेनासे होते? माझ्या मते उत्तर बुद्धीत नाही, अंतरात आणि पैशात आहे. बी.एस्सी. तालुक्याच्या गावी होते, शुल्क बेताचे असते आणि पुढे बी.एड. करता येते. अभियांत्रिकीला शहर, वसतिगृह आणि लाखांचा खर्च लागतो. घरात एकाच्याच शिक्षणाला पुरेल इतका पैसा असेल, तर तो कोणावर खर्च होतो, हे आपणांस ठाऊक आहे.

२४/
आता थोडे माझ्याविषयी. दहावीला मला गणितात वर्गात सर्वांत जास्त गुण होते. अकरावीला मी कला शाखा घेतली. घरात कोणी “मुलीने विज्ञान शिकू नये” असे म्हणाले नव्हते. बाबांनी फक्त वेळापत्रक पाहिले. परभणीच्या एका महाविद्यालयात प्रात्यक्षिके दुपारी, सुटण्याची वेळ संध्याकाळची. “गाडी चुकली तर काय करशील?” एवढाच त्यांचा प्रश्न, आणि तो काळजीचा होता. दोन वर्षांपूर्वी हीच अडचण भावाला आली, तेव्हा त्याच्यासाठी जुनी मोटारसायकल घेतली होती. माझ्या वेळी विषय बदलला.

२५/
इतिहास आज मला मनापासून प्रिय आहे. त्यावाचून दुसरे काही करावेसे वाटत नाही. म्हणूनच हे लिहिणे अवघड जाते. आवड खोटी नाही. पण ती निवडीच्या आधी आली नाही, नंतर आली. आणि “हिला लहानपणापासूनच इतिहासाची आवड” असे आत्या पाहुण्यांना सांगते, तेव्हा मी गप्प बसते. माझ्या घरात दस्तऐवज असा काही नाही. असलाच तर एसटीचे वेळापत्रक.

२६/
शासनालाही गाडीचे महत्त्व उमगलेले आहे. बारावीपर्यंतच्या ग्रामीण मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. जुलै २०२४ च्या निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. दोन्ही निर्णय मोलाचे. पण पास असून संध्याकाळची गाडी नसेल, शुल्क माफ असून वसतिगृहात जागा नसेल, तर मुलीची ‘आवड’ पुन्हा जुन्याच ठिकाणी येऊन थांबेल.

२७/
सारांश सांगावयाचा तर असा : १८८० च्या दशकात मुलींचा विषय वर्तमानपत्रांत ठरला, १९१६ मध्ये अभ्यासक्रमात, १९७६ मध्ये महाविद्यालयाच्या पाटीवर. आज तो ठरतो गाडीच्या वेळेत आणि घरच्या हिशेबात. प्रत्येक वेळी निर्णय घेणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगला होता. टिळकांना समाजाची काळजी होती, कर्व्यांना स्त्रियांची, माझ्या बाबांना माझी. म्हणून दोष कोणाला द्यावा हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. निर्णय कोठे झाला ते ओळखता आले, तर तो बदलता येतो.

२८/
माझी चुलत बहीण यंदा दहावीला आहे. तिला काय घ्यावयाचे ते तिने ठरवावे. आम्ही घरच्यांनी एवढेच कबूल केले आहे की आधी विषय ठरेल आणि मग गाडीचे पाहू.

आपल्या घरातील पहिल्या पदवीधर स्त्रीने कोणता विषय घेतला होता, आणि तो का? विचारून पाहा, आणि जमल्यास खाली उत्तरात लिहा. ही माहिती कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही; ती आपल्या आज्या-आयांपाशीच आहे.

#इतिहास #मराठवाडा #परभणी #स्त्रीशिक्षण